पॅटिओवरचा बाण

५ जानेवारी १९९२, रविवार. सकाळी ९.१०

आजपासून रोजनिशी. डायरी ऑफिसात फुकट आलेली, मुखपृष्ठावर खताचं पोतं छापलंय, पण आतला कागद चांगला आहे. ही कुणीही वाचायची नाही असं आशालताला बजावलं. बायको आहे, पण म्हणून काय झालं. ती म्हणाली, मला तेवढा वेळ आहे होय?

विषय: घरामागील मोकळ्या जागेत पॅटिओ बांधणे.

कारण (खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहितो): इंद्रजीत मे महिन्यात येतोय. माझा धाकटा भाऊ, कॅनडात इंजिनिअर. सहा वर्षांपूर्वी आला तेव्हा या घरात जेमतेम अर्धा तास होता, तोसुद्धा उभ्याउभ्या. उतरला सासुरवाडीला, दादरला. निघताना हसत म्हणाला, दादा, तुझ्याकडे बसायलाच मिळत नाही बघ. हसतच म्हणाला, पण मला लागलं. अजून लागतं. वडील गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. मी वाढवला त्याला. आणि माझ्याच घरात त्याला बसायला जागा नाही!

दुसरं कारण. दिवाळीत त्याचे फोटो आले. घरामागे फरसबंद अंगण, खुर्च्या, मोठी छत्री. मागे लिहिलेलं, 'आमचा पॅटिओ'. उत्तरात मी लिहिलं की आम्हीसुद्धा हल्ली संध्याकाळी पॅटिओवरच असतो.

असं का लिहिलं ते सांगता येत नाही. पत्राच्या तळाशी एका ओळीची जागा उरली होती.

मागे सध्या काय आहे: दहा फूट बाय चौदा फूट माती, धुण्याचा दगड, एक शेवगा, कपड्यांची दोरी. म्हणजे अगदीच खोटं नव्हे. वेळेआधी लिहिलं गेलं एवढंच. मेपर्यंत खरं होईल.

७ जानेवारी, मंगळवार

इंद्रजीतचं पत्र. या खेपेला आधी तुझ्याकडेच उतरणार, चांगले चार-पाच दिवस राहणार, तुझ्या पॅटिओवर बसून आंबे खाऊ.

छातीत धस्स झालं. आनंदानेच असणार.

१२ जानेवारी, रविवार

रद्दीवाल्याकडे घर आणि बागेवरचं एक इंग्रजी मासिक मिळालं. मधली आठ पानं नुसती पॅटिओवर. सगळ्या फोटोंत गोरी माणसं, पायात बूट, हातात सरबत. दुपारची झोप सोडून वाचलं. सार येणेप्रमाणे:

पॅटिओ 'फंक्शनल' हवा. नुसती फरशी टाकली म्हणजे पॅटिओ होत नाही. त्याचे झोन पाडावे लागतात. सिटिंग झोन, डायनिंग झोन, क्वाएट झोन. ऊन जास्तीत जास्त मिळेल असं बघावं, आड येणारी झाडं काढून टाकावीत. गडद रंगाचा दगड घ्यावा. तो दिवसभर ऊब धरून ठेवतो आणि संध्याकाळी पायांना बरं वाटतं.

किती बारीक विचार करतात हे लोक! आणि आपण? अंगण म्हणजे बादल्या उपड्या घालायची जागा.

अनुयाला वाचून दाखवलं. मुलगी बारावीला आहे. ती म्हणाली, बाबा, हे बर्फ पडतं तिथल्या लोकांसाठी आहे. तिला म्हटलं, तू अभ्यास कर.

१९ जानेवारी, रविवार

फाईल उघडली. क्रमांक पॅ/१/९२. सव्वीस वर्षं सरकारी नोकरीत आहे, पैकी नऊ हेडक्लार्क. टिपणीशिवाय काम सुरू करणं मला जमत नाही. दोन पानी टिपणी लिहून, डावीकडे समास सोडून, अभिप्रायार्थ आशालताकडे सादर.

२१ जानेवारी, मंगळवार

टिपणी परत आली. समासात लिहिलंय: तूरडाळ संपली. त्याखाली: धुण्याचा दगड कुठे जाणार?

पहिला शेरा असंबद्ध. दुसऱ्याची नोंद घेतली. दगड क्वाएट झोनमध्ये येतो. तो हलवायला आशालता तयार नाही. कपडे ती तिथेच आपटणार. तेव्हा क्वाएट झोन सकाळी दहानंतर सुरू होईल असं धोरण ठरवलं.

२ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ४

ड्रॉइंग पूर्ण! मी ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेला आहे. पहिली टर्म. मग नोकरी लागली, इंद्रजीतची शाळा होती, बाकीचं राहून गेलं. पण हात विसरत नाही. तिन्ही झोन तीन शाईंत. खाडीकडून संध्याकाळी वारा येतो, तो दाखवायला पश्चिमेकडून घराच्या दिशेने एक मोठा, तांबडा, भरीव बाण काढला. त्यावर 'वारा' असं लिहिणार होतो, पण अक्षरांनी बाणाची शोभा गेली असती.

आशालता बघून म्हणाली, बाण छान आलाय.

१२ फेब्रुवारी, बुधवार

गवंडी ठरला. दयाराम. भीमाबाईने आणला. ही भीमाबाई दर बुधवारी आणि शुक्रवारी करंज्याहून एसटीने मासळी घेऊन येते. मागच्या शेवग्याखाली टोपली उतरवते, तिथेच बसून कापून देते आणि आशालताशी तासभर बोलत बसते. काय बोलतात देव जाणे. दयाराम तिच्या भावकीतला.

त्याने जागा बघितली. काय करायचं म्हणाला. म्हटलं, पॅटिओ. तो म्हणाला, पाट्यो? मग म्हणाला, म्हंजी खला ना? आमच्याकडं घरापुढं असतो तसा? त्याला मासिकासकट पंधरा मिनिटं समजावलं. अंगण आणि पॅटिओ यात काय फरक, फंक्शन म्हणजे काय, झोन म्हणजे काय. सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, हां हां. म्हंजी खलाच.

यापुढे शब्दावरून वाद घालायचा नाही असा निश्चय केला.

नंतर म्हणाला, साहेब, शेवगा राहू द्या, सावलीला बरा. आनि काला कडप्पा नको, उन्हात त्यावर उभं राहता येनार नाय. त्याला फोटोच दाखवला. काळा दगड, वर झाड नाही, बाई आरामात बसलेली. त्याने फोटो बराच वेळ निरखला. म्हणाला, बाई चांगली हाय.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

शेवगा पाडला. ऑफिसात असताना पाडून घेतला, म्हणजे मला बघावं लागलं नाही.

पण आल्यावर कळलं. दहा वाजता भीमाबाई टोपली घेऊन आली आणि डोक्यावर टोपली तशीच धरून उभी राहिली. म्हणाली, बाय, सावली कुटं गेली? आशालताने म्हणे सांगितलं, यांना सूर्यप्रकाश हवाय. भीमाबाई म्हणाली, पनवेलला काय सूर्य कमी परला?

शेवटच्या शेंगा आशालताने शेजाऱ्यांना वाटल्या. आपल्या घरी एक ठेवली नाही. संध्याकाळी जेवायला वाढलं फक्त.

खोडाचा बुंधा बघितला की कसंसंच होतं. म्हणून तिकडे बघायचं नाही.

१५ मार्च, रविवार

कोबा झाला. कडप्पा येऊन पडलाय. दयाराम मात्र शिमग्याला गावी. शिमगा सोडून मी कंदी काम केलं नाय, असं सांगून गेला. पाडव्यानंतर येईल.

काळजीचं कारण नाही. वेळापत्रकात मी सणांसाठी समास सोडलेला होता. (सोडलेला नव्हता. पण सोडायला हवा होता, तेव्हा सोडल्यासारखंच.)

८ एप्रिल, बुधवार. सकाळी ९.४०

घाईत लिहितोय. दयाराम आला. विचारलं, साहेब, ढाळ कुठं द्यायचा? म्हटलं, ड्रॉइंगमध्ये सगळं आहे. तो ड्रॉइंगच घेऊन आला आणि माझ्या बाणावर बोट ठेवून म्हणाला, यो असा? घराकडं?

इतक्या दिवसांत त्या ड्रॉइंगकडे कुणीतरी नीट बघितलं! खरं सांगायचं तर बरं वाटलं. म्हटलं, अगदी बाणाप्रमाणे. बाण काय उगीच काढलाय?

तो म्हणाला, परत इचारतो. घराकडंच ना?

मला ऑफिसला उशीर होत होता. म्हटलं, दयाराम, माझा या विषयाचा अभ्यास आहे.

तो बरं म्हणाला आणि गेला. माणूस तसा ऐकतो.

२५ एप्रिल, शनिवार

झाला! पॅटिओ झाला. काळाभोर, आरशासारखा. सकाळी सातला त्यावर उभा राहून चहा घेतला. पायांना किंचित ऊब. मासिकात लिहिलंय तश्शीच.

चपलांनी चकाकी जाईल म्हणून मागच्या दारावर पाटी लावली: कृपया चपला काढाव्यात.

इंद्रजीत येऊन बसेल. नुसता बसेल. मी काही बोलणारही नाही. त्याचं त्यालाच दिसेल.

२७ एप्रिल, सोमवार

लिहू नये असं वाटतं. पण खरं लिहायचं ठरवलंय.

सिमेंट पक्कं व्हायला सकाळ-संध्याकाळ पाणी मारा असं दयाराम सांगून गेला होता. काल त्याने स्वतःच ओली पोती टाकली होती, आज अनुयाने तीन बादल्या ओतल्या. सगळं पाणी वळलं आणि शहाण्या मुलासारखं ओळीने आमच्या स्वयंपाकघरात आलं. तांदळाच्या डब्याखाली गेलं, गॅसच्या ओट्याखाली गेलं. आशालता पदर खोचून फडक्याने टिपत बसली.

दयारामला बोलावून घेतला आणि सगळ्यांसमोर झापला. पाणी घराकडे कसं आलं म्हणून विचारलं. तो म्हणाला, बाण घराकडं हाय. म्हटलं, अरे, तो बाण वाऱ्याचा आहे!

तो म्हणाला, साहेब, सतरा वर्सं काम करतो. नकाशात फरशीवर बाण म्हंजी पानी कुटं जानार ते. वाऱ्याचा बाण आमी कंदी बगितला नाय. वारा काय, यायचा तसा येतो. मी तुमाला दोनदा इचारलं.

दोनदा विचारलं होतं. आशालताने ऐकलं, अनुयाने ऐकलं. मान वर करता येईना. दयाराम बिचारा वर मलाच म्हणाला, जाऊ द्या साहेब, व्हतं असं. त्याने तरी असं म्हणायला नको होतं.

ढाळाचे, म्हणजे उताराचे, बाण बहुतेक दुसऱ्या टर्मला असावेत.

उखडून परत करायला दहा दिवस लागतील आणि दयारामच्या पुतणीची हळद आहे, तो हलणार नाही. इंद्रजीत पाच तारखेला येतोय. तेव्हा धोरण बदललं. पॅटिओ कोरडा ठेवायचा. जगात कोरडे पॅटिओ पुष्कळ असतील.

२९ एप्रिल, बुधवार

जेवायला घरी आलो तर सिटिंग झोनमध्ये जवळा वाळत घातलेला. डायनिंग झोनमध्ये कुरडया. क्वाएट झोनमध्ये मिरच्या. आशालता आणि भीमाबाई दाराच्या सावलीत बसून हसतायत. भीमाबाई म्हणाली, करंज्याला दोन दिस लागतात, तुमच्या खल्यावर दुपारपात्तूर कडक! लई कामाचा केलाव.

एवढी तारीफ आजपर्यंत या कामाची कुणी केली नव्हती. आणि मी काय म्हणालो? म्हणालो, ही बसायची जागा आहे, मासळीबाजार नाही.

भीमाबाईने जवळा गोळा केला, टोपलीत भरला. मग उठताना एवढंच म्हणाली, बसा ना मग. बगू.

मी बसलो नाही. अंगावर ऑफिसचे कपडे होते.

आशालता म्हणाली, सहा वर्षांत ती माझ्या दारातून अशी कधी गेली नव्हती. त्यावर मी वासाबद्दल काहीतरी बोललो. ते इथे लिहीत नाही.

३ मे, रविवार

तयारी पूर्ण. ऑफिसच्या चार खुर्च्या तात्पुरत्या घरी हलवल्या (नोंद केली आहे). इंद्रजीतसाठी कार्यक्रमपत्रिका केली. आगमन, पॅटिओ-दर्शन, ड्रॉइंगचं अवलोकन, चहा, झोननिहाय माहिती, आंबे.

आशालताने पत्रिका वाचली. विचारलं, यात त्याने कधी बोलायचं?

दुसऱ्या दिवशी दुपारी तासभर मोकळा आहे, दाखवला तिला.

भीमाबाई शुक्रवारी आली नाही.

५ मे, मंगळवार

दुपारी साडेबाराला टॅक्सी आली. इंद्रजीत वाळलाय. एकच बॅग. पूर्वी दोन मोठाल्या असायच्या. म्हटलं, सुधारलास, सुटसुटीत प्रवास करायला लागलास. तो हसला. केस बरेच गेलेत. मिठी मारली त्याने मला, आणि लगेच सोडली नाही. मला भरून आलं. पण पत्रिकेप्रमाणे पुढचा विषय होता.

त्याने पाणी मागितलं. म्हटलं, आधी बघ तर. हाताला धरून मागच्या दाराशी नेला.

त्याने पाटी वाचली. बूट काढले, मोजेसुद्धा काढले. गुणी पोरगा आहे, वहिवाट विसरलेला नाही. मी दारातच थांबलो, म्हणजे त्याला एकट्याला सगळं दिसेल. तो सरळ मधोमध चालत गेला. पाच पावलं. मग किंचाळला.

मे महिना, दुपारचा पाऊण, काळा कडप्पा. मी स्वतः दुपारी त्यावर अनवाणी कधी गेलोच नव्हतो. सकाळी सातला गेलो होतो.

परत यायला पाच पावलं, म्हणून तो उडी मारून धुण्याच्या दगडावर चढला. कॅनडाचा इंजिनिअर, क्वाएट झोनमध्ये दगडावर, एक पाय हातात धरून उभा. तोंडातून आई गं, आई गं. लहानपणी काटा लागला की असाच ओरडायचा.

माझी मती गुंग झाली. बादली दिसली ती उचलून फरशीवर ओतली, म्हणजे गार होईल. मग दुसरी. पाणी बाणाप्रमाणे गेलं. आतून आशालता ओरडली, अहो, काय करताय काय! तीच मग चपला पायात अडकवून धावत आली, माझ्या चपला तिने त्याच्यासमोर टाकल्या आणि त्याला हाताला धरून आत नेला. दोन्ही तळव्यांना फोड.

दिवसभर तो स्वयंपाकघरात परातीत पाय बुडवून बसला. आशालता पोळ्या करत होती, अनुया जमीन पुसत होती. तिघं बोलत होते, हसतही होते. मी दारापाशी दोनदा गेलो. दोन्ही वेळा फोडांना काय लावायचं ते सांगितलं आणि परत आलो. आत जाऊन बसायचं धाडस झालं नाही. काय तोंड घेऊन बसणार?

६ मे, बुधवार

संध्याकाळी साडेसहाला अखेर बसलो. पॅटिओवर. मी आणि इंद्रजीत. पायात चपला घालून. पाटी मी सकाळीच काढली होती.

खालून वाफा येत होत्या, डास बेसुमार. पण बसलो. चार महिन्यांचं काम सार्थकी लागलं. इंद्रजीत गप्प होता. विमानाचा शीण असणार. शांतता बरी दिसेना म्हणून मी झोनची माहिती दिली.

मध्येच त्याने विचारलं, दादा, इथे वर पत्रे टाकले तर एक खोली होईल ना रे?

मी उडालोच. म्हटलं, मुळीच नाही! पॅटिओला पत्रे? उघडेपणा हाच तर त्याचा मुद्दा आहे. तो म्हणाला, नाही, दोन-तीन महिन्यांपुरतं. कुणाला राहायचं झालं तर. म्हटलं, एकदा पत्रे आले की ते कायमचेच येतात, आणि माणसंसुद्धा. प्लॅनमध्ये बसत नाही. मग फाईल आणून त्याला मोकळ्या जागेबद्दलची टिपणी वाचून दाखवली. पूर्ण.

त्याने मान हलवली. म्हणाला, खरंय दादा. तुझा प्लॅन चांगला आहे.

इंजिनिअर माणूस. त्याला पटलं. फार बरं वाटलं.

७ मे, गुरुवार

इंद्रजीत सकाळीच दादरला गेला. चार-पाच दिवस म्हणाला होता, दोनच राहिला. सासरची माणसं वाट बघतायत म्हणाला. डासही आहेतच. शिवाय पाय.

तरीही लिहून ठेवतो: या वेळी तो माझ्या घरी बसला.

८ मे, शुक्रवार. संध्याकाळी

जेवताना मी आशालताला म्हटलं, काही म्हण, इंद्रजीतवर पॅटिओची छाप पडली. पत्र्यांचा विचार त्याने कसा झटक्यात सोडून दिला.

तिने ताट बाजूला सारलं. इतक्या वर्षांत तिला असं रागावलेलं बघितलं नव्हतं. म्हणाली, तुम्हाला खरंच काही कळत नाही, का कळून घ्यायचं नाही?

मग तिने सांगितलं. इंद्रजीतची नोकरी सप्टेंबरातच गेली. घराचे हप्ते थकले, घर गेलं. आभा, म्हणजे त्याची बायको, तिथेच बहिणीकडे जाऊन राहिलीय. दादरला त्याने काहीच सांगितलेलं नाही, सासरी कुठल्या तोंडाने सांगणार. दोन-तीन महिने आपल्याकडे राहायचं, इकडे काही काम मिळतंय का बघायचं, मिळालं तर आभाला बोलवायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. हे सगळं त्याने परातीत पाय बुडवून बसल्याबसल्या तिला सांगितलं. आणि म्हणाला, वहिनी, तू दादाशी बोलू नकोस. मीच विचारतो त्याला.

आशालता म्हणाली, त्याने विचारलं तुम्हाला. तुम्ही त्याला टिपणी वाचून दाखवलीत.

मी म्हणालो, तो तर कुणाला राहायचं झालं तर असं म्हणाला. कुणाला म्हणजे त्याला स्वतःला, हे मला कसं कळणार?

ती म्हणाली, एका बॅगेवरून कळतं. चेहऱ्यावरून कळतं. बारावीतल्या पोरीला कळलं.

दिवाळीत फोटो पाठवले तेव्हाही त्याला नोकरी नव्हती. 'आमचा पॅटिओ' असं लिहून पाठवले. आणि मी वाचून त्याचा हेवा केला.

शरम वाटते. हा शब्द लिहायला पेन अडत होतं. मला माझ्या भावासमोर कमीपणा येऊ नये म्हणून मी चार महिने राबलो, आणि तो हात पसरून आला तेव्हा मी त्याला प्लॅनमध्ये बसत नाहीस म्हणून सांगितलं. नऊ वर्षांचा होता तेव्हा एका अंथरुणावर दोघं झोपायचो. कुठला प्लॅन होता तेव्हा?

उद्या फोन करणार. पक्कं.

९ मे, शनिवार

सकाळी आठला स्टँडाजवळच्या एसटीडी बूथवर गेलो. काय बोलायचं ते चिठ्ठीवर लिहून नेलं होतं. पहिल्या मसुद्यात 'उपरोक्त विषयास अनुसरून' आलं होतं, ते फाडलं. दुसऱ्यात दोनच वाक्यं ठेवली. खोली होते. तू ये.

रांग होती. माझ्या मागे चारजण. दादरला फोन लागला. तिकडून कुणी म्हातारं माणूस उचलेल असं धरून चाललो होतो, पण इंद्रजीतनेच उचलला. म्हणाला, दादा? तू? सगळं ठीक ना?

म्हटलं, ठीक. पाय कसे आहेत? म्हणाला, बरे आहेत, चालतो आता. म्हटलं, मलम लावतोस ना? म्हणाला, लावतो.

चिठ्ठी हातात होती. पण मी बोललो असतो तर आशालताने सांगितलं हे त्याला कळलं असतं. शिवाय मागचा माणूस अगदी खांद्याशी उभा होता. शिवाय अशा गोष्टी फोनवर नीट बोलता येत नाहीत.

इंद्रजीत म्हणाला, दादा, बोल ना. काही म्हणत होतास का?

तो थांबलाय हे मला कळत होतं. त्याचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

मी म्हणालो, दयाराम सोमवारी येतोय. ढाळ उलटा करून घेतो.

तो म्हणाला, अरे वा. छान.

मग त्याने म्हटलं, बरं दादा, ठेवतो, काळजी घे.

रिसीव्हर ठेवला. बूथवाल्याने विचारलं, झालं का साहेब बोलणं? म्हटलं, झालं.